वाचकांचे प्रश्न : चिंब ग्रहावरचा रेंद्या

गेल्या अंकात आम्ही ‘चिंब’ नावाचा एक कल्पित ग्रह आणि त्याच्या दलदलीत राहणारा ‘रेंद्या’ हा कल्पित प्राणी मांडला आणि त्याच्याबद्दल प्रश्न मागवले. तो अंक ज्यांच्या हाती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : चिंबवर गुरुत्व पृथ्वीच्या ०.८ पट आहे. हवेत ऑक्सिजन आपल्याइतकाच, २१ टक्के. ओल्या ऋतूत पाण्याचं तापमान ३० अंशांच्या आसपास असतं. पृथ्वीच्या हिशेबाने १४ महिने ओला ऋतू आणि त्यानंतर २० महिने कोरडा. जमीन जुन्या लाव्ह्यापासून झालेली, काळी, चिकट. रेंद्या थंड रक्ताचा, चार पायांचा, डोळे नसलेला पण बुद्धिमान, लांबी १.९ मीटर, वजन ११० किलो. ग्रह आमच्या मनातला असला तरी तिथलं भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र इथलंच आहे. त्यात सूट घेतलेली नाही.

या वेळी मराठवाड्यातली पत्रं निवडली आहेत. दलदल कमी आणि चिखलाची जाण जास्त असा हा मुलूख. प्रश्नही तसेच आले.

प्रश्न : रेंद्या कायम चिखलात राहतो, तर दर दहा मिनिटांनी नाक वर काढायची गरज काय? माशासारखे कल्ले का दिले नाहीत?
*(अकरावीतला विद्यार्थी, परभणी)*

कल्ले दिले असते तर तो पहिल्याच आठवड्यात मेला असता. ३० अंशाच्या गोड्या पाण्यात, ते अगदी खळाळतं असलं तरी, लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन विरघळत नाही. तेवढ्याच हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, म्हणजे पस्तीसपट. हे झालं चांगल्या पाण्याचं. शेवाळाने भरलेल्या साचलेल्या पाण्यात रात्रभर सगळेच जीव श्वास घेतात, ऑक्सिजन कोणीच बनवत नाही, आणि पहाटे तो जवळपास संपलेला असतो. तळ्यातले मासे पहाटेच वर येऊन तोंड उघडझाप करतात ते यामुळे.

चिखलात तर याहून वाईट. ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरमध्येच संपतो. त्याखालचे जिवाणू मग दुसऱ्या पदार्थांवर श्वास भागवतात : आधी नायट्रेट, मग मॅंगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरलं नाही की मिथेन तयार होतो. हा क्रम डोळ्यांना आणि नाकाला कळतो. लोहाची पाळी आली की माती करडी-निळसर होते. सल्फेटची आली की सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि चिखल काळाकुट्ट होतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू पेशींची ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणाच बंद पाडतो. कल्ला म्हणजे रक्त आणि पाणी यांच्यामधला पातळ पडदा. असल्या चिखलात तो उघडा ठेवला तर ऑक्सिजन मिळायचा नाही आणि विष मात्र आत येईल. म्हणून रेंद्याचं कातडं जाड आणि बुळबुळीत आहे, आणि श्वास फक्त नाकाने.

ऑक्सिजनशिवाय का जगत नाही, असंही तुम्ही पुढे विचारलं आहे. ग्लुकोजचा एक रेणू ऑक्सिजनसह वापरला की पेशीला एटीपीचे, म्हणजे ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, सुमारे ३० रेणू मिळतात. नुसतं आंबवलं तर २. म्हणजे तेवढंच काम करायला पंधरापट खावं लागेल. क्रुशियन कार्प नावाचा मासा बर्फाखालच्या पाण्यात महिनोन्‌महिने ऑक्सिजनविना काढतो आणि त्या काळात शरीरात चक्क अल्कोहोल बनवून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पण तिथे पाणी शून्याजवळ असतं आणि माशाच्या शरीराचा खर्च फार कमी झालेला असतो. ३० अंशाला ही युक्ती चालत नाही.

दहा मिनिटांचा आकडा असा आला : ११० किलोच्या थंड रक्ताच्या प्राण्याला स्वस्थ पडून राहायला दिवसाला अंदाजे २४० किलोकॅलरी लागतात. त्यासाठी ५० लिटर ऑक्सिजन, म्हणजे मिनिटाला ३५ मिलिलिटर. फुप्फुसं ४ लिटरची धरली तर त्यात ८४० मिलिलिटर ऑक्सिजन. त्यातला निम्मा उपयोगी पडतो. बारा मिनिटं निघाली, दहाव्या मिनिटाला तो वर येतो. शिकारीमागे लागला तर ऑक्सिजन पाचपट लागतो आणि दम दोन-अडीच मिनिटांचाच राहतो. कथा लिहिताना हे विसरू नका. चिखलातला लांबलचक पाठलाग रेंद्याला झेपणारा नाही. त्याने दबा धरूनच शिकार करायला हवी.

नमुना पाहायचा तर आपल्याकडची मरळ पाहा. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवेसाठी वेगळी पोकळी असते. पूर्ण वाढलेली मरळ जाळ्यात पाण्याखाली अडकली आणि वर येता आलं नाही तर पाण्यात असूनही गुदमरून मरते.

प्रश्न : रक्त लालच का? परग्रहावर हिरवं-निळं चाललं असतं.
*(जालना)*

चाललं असतं. खेकड्याच्या रक्तात तांब्याचं संयुग असतं, ते ऑक्सिजन घेतलं की निळसर होतं. काही समुद्री कृमींचं रक्त खरोखर हिरवं असतं. पण चिखलात विरघळलेलं लोह मुबलक आणि तांबं दुर्मिळ. जे हाताशी आहे त्यावर शरीर उभं राहतं. साचलेल्या गटारात लाल, वळवळणाऱ्या बारीक अळ्या दिसतात ना, त्यांचा रंग हिमोग्लोबिनचाच. कीटकांत ते क्वचितच सापडतं, पण या अळ्यांना ऑक्सिजनविना गाळात दिवस काढायचे असतात. आम्ही रंग तिथूनच उचलला.

प्रश्न : धरणाचं पाणी ओसरलं की आम्ही गाळपेर करतो. मे महिन्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत तुमचा प्राणी वीस महिने झोपतो म्हणता. भेगांतून वारं शिरून तो वाळून जाणार नाही का?
*(शेतकरी, पैठण तालुका)*

या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न. याचं उत्तर बहुतेकांना उलटं वाटेल : भेग नसती तर रेंद्या मेला असता.

आधी पोटाचा हिशेब. कोरडा ऋतू ६०० दिवसांचा. रेंद्या उष्ण रक्ताचा असता तर त्याला दिवसाला २,४०० किलोकॅलरी लागल्या असत्या, एकूण १४ लाख ४० हजार. ग्रॅमभर चरबीतून ९ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे १६० किलो चरबी, त्याच्या स्वतःच्या वजनाहून जास्त. अशक्य. थंड रक्ताचा, पण जागा असेल तर १६ किलो. आणि गाढ झोपेत शरीराचा खर्च पाचव्या हिश्शावर, ५० किलोकॅलरीवर आणला तर साडेतीन किलोहून कमी. शेपटीच्या बुडाशी एवढी चरबी सहज मावते. आफ्रिकेतला फुप्फुसमासा हेच करतो. पाणी आटलं की चिखलात बीळ करतो, अंगाभोवती चिकट स्रावाचं आवरण वाळवून घेतो आणि तोंडाशी फक्त श्वासापुरती वाट ठेवतो. रेंद्याचं आवरण तसंच आहे, फक्त तीन थरांचं. तुम्ही म्हणता तो वाळण्याचा धोका या आवरणामुळे टळतो.

आता श्वास. झोपेतही त्याला मिनिटाला ७ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. अनेक लेखक अशा वेळी प्राण्याला जमिनीबाहेर येणारी एक लांब सोंड देतात. ती चालत नाही. समजा रेंद्या अडीच मीटर खोल आहे आणि नळी ३ सेंटिमीटर रुंद. त्या नळीतच पावणेदोन लिटर हवा मावते. श्वास सव्वा लिटरचा असेल तर तो सोडलेली हवाच पुन्हा आत ओढत राहील, ताजी हवा कधी पोचणारच नाही. श्वास न घेता हवा आपोआप झिरपेल असं म्हणावं, तर अशा नळीतून मिनिटाला ०.०७ मिलिलिटरच ऑक्सिजन खाली येतो, गरजेच्या शंभराव्या भागाएवढा.

भेगेचं गणित करून पाहा. तीन मीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद भेग म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर, नळीच्या ८५ पट. काळ्या मातीत भेगा मीटरभर किंवा त्याहून खोल जातात. रेंद्या १.२ मीटरवर, भेगेच्या बुडाशी झोपला तर नुसत्या झिरपण्याने मिनिटाला १२ मिलिलिटरपर्यंत ऑक्सिजन पोचू शकतो. गरज सातची. त्या खोलीवर दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा पोचत नाही, तो आणखी एक फायदा.

म्हणजे झोपायची जागा निवडताना तो पाणी शोधत नाही, कोणती माती फाटेल ते शोधतो. रेताड गाळ फाटत नाही, तिथे झोपलेला रेंद्या गुदमरतो. आणि कोरड्या ऋतूच्या मध्येच हलका पाऊस पडून भेगांची तोंडं फुगून मिटली, तरी गुदमरतो. अवकाळी तुमच्या पिकाला जसा नडतो तसा त्यालाही नडतो, कारण तेवढं वेगळं.

लघवीचा प्रश्न राहिला. मासे अमोनिया थेट पाण्यात सोडतात. कोरड्या बिळात तो साठला तर मेंदूला विष. फुप्फुसमासा अमोनियाचा युरिया करून अंगातच साठवतो आणि पाणी आल्यावर बाहेर टाकतो. रेंद्यालाही जाग आल्यावर पहिले काही दिवस हेच काम. तेव्हा तो अशक्त असतो, स्नायू आखडलेले असतात. त्याला कोणी मारायचं असेल तर वेळ हीच.

प्रश्न : दलदलीत मिथेन असतो, तर रेंद्या तो पिऊन तोंडातून आग का ओकत नाही?
*(सातवीतली विद्यार्थिनी, सेलू)*

मिथेन पेटायला हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये लागतं. पोटात तो भरपूर, पण तिथे ऑक्सिजन नाही. तोंडाबाहेर ऑक्सिजन आहे, पण मिथेन लगेच विरळ होतो. आणि ठिणगी कोण पाडणार? गाय-बैलही रोज ढेकरांतून मिथेन सोडतात, म्हणून त्यांचा ढेकर पेटत नाही. दलदलीतला हा वायू व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ मध्ये इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या काठी काठीने चिखल ढवळून बाटलीत धरला होता. गोबरगॅसमध्ये निम्म्याहून जास्त भाग याचाच असतो.

प्रश्न : रेंद्याचे पंजे ताटाएवढे काढले आहेत. चित्रकाराची हौस की कारण आहे?
*(बीड)*

कारण आहे. ६० किलोचा माणूस चालताना एका पावलावर येतो तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो भार पडतो. मऊ चिखल ०.०५ किलोच्या आसपासच झेलतो, म्हणून आपण रुततो. रेंद्याचं ११० किलो वजन चिंबवर ८८ किलोसारखं लागतं. तो एका वेळी एकच पाय उचलतो, तीन खाली. ८८ भागिले ०.०५ म्हणजे १,७६० चौरस सेंटिमीटर, आणि त्याचा तिसरा हिस्सा सुमारे ६००. म्हणजे २४ बाय २५ सेंटिमीटरचा पंजा.

पण नुसता मोठा पंजा हा अर्धाच उपाय. पाऊल उचलताना खाली पोकळी होते आणि चिखल पाय ओढून धरतो. गमबूट चिखलात राहतो आणि पाय तेवढा बाहेर येतो, तो याच ओढीमुळे. गाय-म्हशीचा दुभंगलेला खूर दाबताना फाकतो आणि उचलताना मिटतो. बाजूने हवा-पाणी शिरतं आणि पाय सुटतो. रेंद्याची बोटं तशीच मिटतात. चित्रात ती नेहमी फाकलेलीच दाखवली आहेत, ते पुढच्या चित्रापासून बदलायला सांगितलं आहे.

आणखी एक. दाट चिखलाची घनता लिटरला १.३ किलोच्या पुढे जाते, प्राण्याच्या अंगाची साधारण एक. त्यामुळे चिखलात आपोआप बुडता येत नाही, अंग तरंगतं. खाली जायचं तर अंग थरथरवून भोवतीचा चिखल पातळ करावा लागतो. काळ्या मातीतली चिकणमाती हलवली की सैल होते आणि थांबलं की पुन्हा घट्ट. तेव्हा सिनेमात दाखवतात तसं एकदम गडप होणं नाही. बुडायला त्याला मिनिटभर तरी लागेल.

प्रश्न : डोळे नाहीत, मग शिकार कशी दिसते?
*(नांदेड)*

दिसत नाही, चव लागते. शिंगाडा, मागूर या माशांच्या मिशांवर चवीच्या कळ्या असतात, रेंद्याच्याही आहेत. शिवाय स्नायू हलले की होणारा क्षीण विद्युतदाब त्याला जाणवतो. ही जाणीव फार लांबवर पोचत नाही. स्वतःच्या अंगाएवढ्या अंतरापलीकडे तो आंधळाच समजा.

प्रश्न : अंडी एकाच पावसात का उबत नाहीत? मादीने घातली एकाच दिवशी ना?
*(प्राध्यापिका, अंबाजोगाई)*

हो, एकाच दिवशी, दोनशेच्या आसपास. पहिल्या पावसाला त्यांतली चाळीस टक्के फुटतात, दुसऱ्या मोठ्या पावसाला पस्तीस, उरलेली पंचवीस टक्के पुढल्या ओल्या ऋतूपर्यंत तशीच राहतात. पहिला पाऊस पडला आणि मग महिनाभर उघडीप, हे मराठवाड्याला सांगायला नको. सगळं बियाणं पहिल्या सरीला टाकलं की दुबार पेरणी आली, आणि रेंद्याच्या मादीकडे दुबार पेरायला बियाणं नसतं. सगळी अंडी एकदम फुटली असती तर पहिल्याच फसव्या पावसात वंश संपला असता.

आफ्रिकेतल्या डबक्यांत राहणाऱ्या किलीफिशची अंडी अशीच कोरड्या मातीत थांबून राहतात आणि वेगवेगळ्या वेळी जागी होतात. त्यांच्यातली एक जात अंड्यातून बाहेर आल्यापासून १४ दिवसांत प्रजननक्षम होते. रेंद्याच्या पिल्लांना एवढी घाई नाही, पण १४ महिन्यांत त्यांना एक काम करावंच लागतं : किमान ६ किलो वजन आणि त्यात पुरेशी चरबी. लहान अंगाला किलोमागे खर्च जास्त येतो. त्याहून हलकं पिल्लू झोपेतच संपतं.

प्रश्न : ‘रेंद्यांचा इतिहास पाच हजार वर्षांचा’ असं लेखात आहे. हे कोणी, कशावरून मोजलं?
*(इतिहासाचे विद्यार्थी, लातूर)*

कल्पनेतल्या संशोधकांनी मोजलं, पण पद्धत खरी आहे. तळ्याच्या तळात पोकळ नळी ठोकून गाळाचा उभा नमुना काढतात. वर्षाला एक मिलिमीटर गाळ साचत असेल तर ५.२ मीटर म्हणजे ५,२०० वर्षं. हा झाला ढोबळ अंदाज. खालचे थर दाबले जातात, म्हणून खाली मीटरभर नमुन्यात वरच्यापेक्षा जास्त वर्षं असतात. कार्बन-१४ ने, म्हणजे ठरावीक वेगाने घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनने, मधले मधले थर तपासून दुरुस्ती करावी लागते. त्याचं अर्धं आयुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं, आणि साधारण ५० हजार वर्षांपलीकडे ते उपयोगाचं नाही. दुसऱ्या ग्रहावर तो कार्बन हवेत किती बनतो हे आधी मोजायला हवं, पृथ्वीचे तक्ते तिथे लागू पडत नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. रेंद्या दर कोरड्या ऋतूत १.२ मीटर खाली जातो, म्हणजे वरच्या बाराशे वर्षांच्या गाळाची दर वेळी घुसळण. स्वतःचा इतिहास तो स्वतःच पुसतो. शिवाय भेगांतून वरची माती खाली पडते ती वेगळीच. म्हणून नमुना रेंद्यांच्या वस्तीतून घ्यायचा नाही. कधीच न आटणाऱ्या खोल डोहातून घ्यायचा, जिथे ते झोपत नाहीत. तिथे परागकण, शिंपले, राख आणि वाहून आलेली हाडं ओळीने मिळतात.

काय टिकेल हे मातीवर आहे. युरोपातल्या आम्लधर्मी दलदलीत माणसांची कातडी टिकते आणि हाडांमधला चुना विरघळतो. १९५० साली डेन्मार्कमध्ये सापडलेल्या टोलुंड मानवाच्या चेहऱ्यावरचे खुंट दोन हजारांहून जास्त वर्षांनी दिसत होते. आपली काळी माती चुनखडीयुक्त, अल्कधर्मी. तिथे कातडी सडते, हाडं राहतात. गोदावरी आणि मांजरा यांच्या जुन्या गाळात नामशेष झालेल्या हत्तींची, पाणघोड्यांची हाडं मिळाली आहेत. चिंबची माती त्याच जातीची, म्हणून रेंद्याचं ते झोपेचं आवरण कोणत्याही थरात सापडणार नाही. हाडांवरून आणि बिळांच्या ठशांवरूनच ते ओळखावं लागेल.

पाच हजार वर्षं ही वस्तीची. जात त्याहून फार जुनी, आणि तिचं मूळ लाव्ह्यात आहे. दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक आले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी झाली आणि त्यांच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आजही दगड होऊन आहेत. तो लाव्हा झिजून फुगणारी-फाटणारी काळी माती झाली. चिंबवर हेच घडलं, आणि माती फाटू लागल्यावरच रेंद्याच्या पूर्वजांना खोल झोपता आलं. त्याआधी ते बारमाही पाण्याच्या काठीच अडकलेले होते.

प्रश्न : एवढी बुद्धी असून रेंद्यांकडे धातू नाही, विटा नाहीत, लेखन नाही. का?
*(तेर, जि. धाराशिव)*

लेखन आहे, त्याकडे येतो. धातू आणि विटा नाहीत, कारण आग नाही. आग नाही, कारण जळण नाही. दलदलीत पीट (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर) आणि पुढे कोळसा व्हायचा तर झाडपाला सतत पाण्याखाली, ऑक्सिजनविना पडून राहावा लागतो. परळीच्या औष्णिक केंद्रात जळत आलेला गोंडवना कोळसा अशाच, २५ कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या दलदलींचा आहे. चिंबवर दर कोरड्या ऋतूत भेगांतून हवा आत शिरते आणि साठलेला पाला कुजून संपतो. ज्या भेगा रेंद्याला जगवतात त्याच त्याचं जळण खातात. लोह मात्र आहे. ओलं-कोरडं चक्र चालू राहिलं की लोह-मॅंगनीजच्या गाठी मातीत तयार होतात. उत्तर युरोपात दलदलीतल्या अशा लोहखनिजापासून मध्ययुगात लोखंड काढत. रेंद्यांना त्या गाठी दगड म्हणून वापरता येतात, एवढंच.

तुमच्याच गावच्या उत्खननात पाण्यावर तरंगणाऱ्या विटा मिळाल्या आहेत. मातीत तूस मिसळून विटा भाजल्या की तूस जळून जातो, पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. दलदलीत घर बांधायला याहून चांगली वस्तू नाही, पण भट्टीशिवाय ती होत नाही. रेंद्यांची बांधणी त्यामुळे न भाजलेल्या मातीची. तीही काळी नाही. आपल्याकडे माळवदावर पांढरी माती टाकतात, कारण काळी फुगते, फाटते आणि घर गळतं. रेंद्येही न फुगणारी माती लांबून आणतात.

लेखनासाठी मातीच्या पाट्या का नाहीत, तर उन्हात वाळवलेली पाटी पहिल्या पावसात विरघळते. मेसोपोटेमियातल्या बहुतेक पाट्या भाजलेल्या नव्हत्या, त्या कोरड्या प्रदेशामुळे वाचल्या. रेंद्ये शिंपल्यांच्या आतल्या बाजूवर लोहगाठीच्या टोकाने खरवडतात. अल्कधर्मी पाण्यात शिंपला टिकतो. डोळे नसल्याने अक्षरं खोल, मिशीने चाचपता येतील अशी. एका शिंपल्यावर बारा-पंधरा खुणांपेक्षा जास्त मावत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नोंदी कोरड्या आहेत : कोणत्या भेगेत कोण झोपलं आणि कोण उठलं नाही.

प्रश्न : शाळेतल्या लेकरांना रेंद्याची दलदल दाखवायची आहे. काही करता येईल का?
*(जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिका, हिंगोली)*

येईल, दोन लिटरच्या बाटलीत. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात ही पद्धत काढली.

तळ्याच्या काठचा, वरचा थर बाजूला सारून दहा सेंटिमीटर खालचा काळा, वास येणारा चिखल घ्या, साधारण दोन किलो. खडे, मुळं, गांडुळं काढा. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा निमुळता भाग कापा. तिसरा हिस्सा चिखल वेगळा काढून त्यात दोन मोठे चमचे बारीक फाडलेला वर्तमानपत्राचा कागद, एका उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक आणि एक मोठा चमचा अंड्याच्या टरफलांची पूड मिसळा. कागद हे जिवाणूंचं खाणं, बलक गंधकासाठी, टरफल कार्बनसाठी. अंडं नको असेल तर बलकाऐवजी चमचाभर जिप्सम. फळ्यावरचा खडू बहुतेक वेळा जिप्समचाच असतो. लिंबू पिळून पाहा, फेस आला तर तो चुन्याचा, मग तो टरफलाच्या जागी वापरा.

हे मिश्रण तळाशी भरा, काठीने टोचून हवेचे बुडबुडे काढा. त्यावर साधा चिखल काठाच्या आठ सेंटिमीटर खालपर्यंत. मग तळ्याचंच पाणी तीन सेंटिमीटर. वर प्लास्टिकचा कागद रबराने बांधून सुईने चार भोकं पाडा. भोकं पाडली नाहीत तर वायूने कागद उडतो आणि वर्ग रिकामा करावा लागतो.

बाटली उजेडात ठेवा, उन्हात नाही. एप्रिलच्या उन्हात बाटलीतला चिखल शिजतो. उत्तरेची खिडकी उत्तम. बल्ब लावायचा तर पिवळा, तारेचा, ४० वॅटचा, फूटभर लांब. एलईडीत अवरक्त किरण जवळजवळ नसतात आणि जांभळ्या जिवाणूंना तेच हवे असतात, त्यामुळे जांभळा थर उशिरा येतो किंवा फिका राहतो. दोनेक आठवड्यांत तळ काळा पडेल, महिनाभरात भिंतीला हिरवट डाग, दीड-दोन महिन्यांत त्यावर जांभळे-तांबडे. फेस आला आणि आंबट वास सुटला तर खाणं जास्त झालं. साखर, उष्टं घालायचा मोह लेकरांना होतोच, तो टाळा. काळा थर आलाच नाही तर गंधक कमी किंवा चिखल फार वरचा. पाणी आटेल तसं घालत राहा, पण ढवळू नका. ढवळलं की दोन महिन्यांचे थर गेले.

हात साबणाने धुवायला लावा, आणि बाटली डब्याच्या खोलीपासून लांब ठेवा.

प्रश्न : रेंद्या खाता येईल का?
*(वाचक, गंगाखेड)*

कोरड्या ऋतूत पकडलेला तर नकोच. अंगात युरिया साठलेला असतो, आणि मांस शिळं होऊ लागलं की त्याचा अमोनिया होतो. शार्कच्या मांसाला तसाच वास मारतो. पावसानंतर महिनाभराने वास जाईल. तरी पोषण मिळणार नाही. अमिनो आम्लांची डाव्या-उजव्या हातासारखी, एकमेकांची आरशातली अशी दोन रूपं असतात. पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिनं एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि आमच्या आराखड्यात रेंद्याची उलट्या हाताची आहेत. आपली पाचकद्रव्यं त्यांना धरूच शकत नाहीत. रश्शाला मरळच घ्या.